जास्त टिकणारा टायर कुठला? आधी वर्षाचे किलोमीटर सांगा

टायर बदलायला आलेली बहुतेक मंडळी पायरीवरूनच विचारतात, "सगळ्यात जास्त टिकणारा कुठला?" आम्ही उलट विचारतो, "वर्षाला गाडी किती पळते?" काहींना वाटतं, आम्ही उत्तर टाळतोय. म्हणून हे पत्रक छापलं. तुमचा नंबर लागेपर्यंत वाचून होईल.

टायर दोन तऱ्हेने संपतो. एकतर घासून गोटा होतो, नाहीतर म्हातारा होतो. ऊन आणि हवा खाऊन रबर कडक होत जातं आणि बाजूला केसासारख्या भेगा दिसायला लागतात. नक्षी भरपूर दिसते, पण पकड गेलेली असते. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर दाखवून घ्या. सहा-सात वर्षांपुढे मात्र आम्ही "अजून चालेल" असं म्हणत नाही, नक्षी कितीही शिल्लक असो.

आता हिशोब करा. गाडी कराडातल्या कराडात फिरते, कधीतरी लग्नकार्याला कोल्हापूर, वर्षाचे सात हजार किलोमीटर. अशा गाडीला "लाख किलोमीटर" जाहिरातीचा टायर घातला, तर तो लाख पुरा व्हायला चौदा वर्षं लागतील. त्याच्या निम्म्यातच तो वयाने जाईल. म्हणजे जास्त टिकण्याचा गुण तुम्ही विकत घेतला, पण वापरलाच नाही. उलट दर आठवड्याला पुण्याला जाऊन-येऊन करणाऱ्यांचे वर्षाला सहज वीस हजारांच्या वर होतात. त्यांनी मात्र जास्त किलोमीटर चालणाराच टायर घ्यावा, पैसे वसूल होतात.

यात एक मेख आहे. टिकाऊ टायरचं रबर सहसा जरा कडक असतं. कमी घासतं, पण ओल्या डांबरावर पकड थोडी सोडतं. हल्ली रबरात सिलिका घालून कंपन्या दोन्ही साधायला बघतात आणि बऱ्यापैकी साधतंही. तरी दर गणपतीला कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणाऱ्यांना आम्ही पावसात चांगला धरणारा टायर सुचवतो, मग तो दहा हजार किलोमीटर कमी चालला तरी चालेल. पाटणच्या पुढचा पाऊस ज्यांनी पाहिलाय, त्यांना जास्त सांगायला नको.

टायरवर काय लिहिलेलं असतं

स्विफ्ट, बलेनो, अर्टिगाच्या बऱ्याच मॉडेलांना १८५/६५ आर १५ हा साइज येतो. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, ही टायरच्या आतल्या धाग्यांची ठेवण, आणि १५ इंचांची रिम. त्यापुढे ८८ एच असं काहीतरी असतं. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा. एवढ्या वेगाने तुम्ही जाणार नाही हे आम्हालाही माहीत आहे, पण गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा खालचा आकडा घेऊ नका. वजनाच्या आकड्याबाबत तर अजिबात नाही. सात सीटच्या गाडीत सात माणसं आणि वर तांदळाची पोती हे आपल्याकडे नवीन नाही.

बनवल्याची तारीख डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकड्यांत असते. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. बसवण्याआधी हे आकडे आमच्या पोराकडून वाचून घ्या, लाजू नका. वर्षाच्या आतला माल असेल तर उत्तम.

काही टायरवर ट्रेडवेअर, म्हणजे नक्षी किती टिकेल याचा, ३००, ४०० असा आकडा दिसतो. ही अमेरिकेतली पद्धत आहे आणि आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो उपयोगी. एका कंपनीचा ४०० आणि दुसरीचा ४०० सारखे धरू नका.

खरं आयुष्य हवा आणि अलाइनमेंटमध्ये

मागे एक अर्टिगा आली होती. बाहेरून बघितलं तर टायर नव्यासारखे. चाक काढलं, तर आतल्या कडेला तारा दिसत होत्या. खड्ड्यात आपटून अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ ठेवण, बिघडलं होतं आणि मालकांना पत्ताच नव्हता, कारण आतली कड उभ्याने दिसत नाही. घरी एक करून बघा. नक्षीवरून तळहात आडवा आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने हाताला कड टोचत असेल, तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे. असा टायर लाख किलोमीटरचा असो की साधा, सारखाच जाणार.

हवा कमी असली की दोन्ही कडा घासतात, जास्त असली की मधला पट्टा. पंपावर "किती ठेवू?" विचारल्यावर "पस्तीस ठेव" असं सवयीने सांगू नका. बरोबर आकडा सहसा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, भरलेल्या गाडीचा वेगळा. हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. हायवेवरून आल्यावर काटा तीन-चार पॉइंट वर दिसतो, म्हणून हवा काढू नका. नायट्रोजन भरायला हरकत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दर दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या. आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिनचा जोर आणि वळण दोन्ही पुढच्या चाकांवर, म्हणून ते आधी संपतात. नक्षीच्या खोबणीत टीडब्ल्यूआयचे, म्हणजे झीज दाखवणारे, छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी त्यांच्या पातळीला आली की कायद्यानेही टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर आलात तर आम्ही तीन मिलिमीटरलाच बदला म्हणू.

दोनच घ्यायचे असतील तर

नवे टायर मागे बसवा. यावरून आमच्याकडे रोज वाद होतो. पुढचे घसरले तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला लागते, ते स्टिअरिंगवर कळतं आणि वेग कमी करून सावरता येतं. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून चांगली नक्षी मागे.

वॉरंटी बनावटीतल्या दोषावर असते. खड्ड्यात आपटून बाजूला आलेला फुगा साध्या वॉरंटीत बसत नाही. काही कंपन्या काही मॉडेलांवर ठरावीक काळ तोही भरून देतात, बिल करताना विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या बिलाशी भाव ताडताना हे धरा.

येताना डिकी रिकामी करून आणा. स्टेपनीचीही तारीख आणि हवा आम्ही बघतो, आणि ती सामानाखालून काढण्यातच अर्धा तास जातो.