बघायला आलेली सर्दी

कमी दिवसांचं, म्हणजे वेळेआधी जन्मलेलं बाळ मिरजेच्या किंवा सांगलीच्या दवाखान्यातून तासगावला, विट्याला, जतला घरी आलं की बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. त्यात एखादी शाळकरी भाची नाक ओढत येते, बाळाचा पापा घेते. कुणी हटकलं तर उत्तर ठरलेलं : "साधी सर्दी आहे हो."

भाचीपुरतं ते खरं असतं. सर्दी करणारे विषाणू पुष्कळ आहेत, त्यातला एक आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस). १९५६ साली तो आधी चिंपांझींमध्ये सापडला, पुढच्याच वर्षी तान्ह्या बाळांमध्ये. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळी मुलं त्याच्या तावडीतून जातात आणि बहुतेक जण आठवडाभर शेंबूड गाळून बरी होतात. गर्भारपणाच्या बत्तिसाव्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाचं मात्र तसं नाही.

आईच्या रक्तातली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं, अँटिबॉडीज) वारेतून बाळाकडे जातात, पण त्यांचा मोठा भाग शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पोचतो. लवकर आलेलं बाळ ही शिदोरी अर्धीमुर्धी घेऊनच येतं. फुप्फुसांचंही तेच. हवेच्या बारीक पिशव्या नीट तयार व्हायला लागतात त्याच सुमारास, म्हणजे छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास. श्वासनलिकेचे शेवटचे फाटे तर मुळातच अरुंद. विषाणू तिथे शिरला की आतलं अस्तर सुजतं, मेलेल्या पेशी आणि चिकट स्राव यांचा गाळ साचतो आणि द्राक्षबागेतल्या ठिबकची नळी तुंबावी तशी वाट बुजते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढी सूज बाळाचा श्वास कोंडू शकते.

कधी कधी तर खोकला नाही, ताप नाही, बाळ नुसतं मध्येच श्वास घ्यायचं थांबतं. अगदी लहान, कमी दिवसांच्या बाळात हेच पहिलं लक्षण असू शकतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. साठ किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढायचं कमी झालं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर रात्र असली तरी निघावं. दवाखान्यात ऑक्सिजन देतात, नाक साफ करतात, नळीने दूध देतात. बाकी लढाई बाळाची. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

आणि ती धुरी! शेकशेगडी करून ओवा-वावडिंगाचा धूर बाळाच्या अंगावर घेण्याची हौस अजून गेलेली नाही. सुजलेल्या नळ्यांना धूर म्हणजे छळच. नाकात तेलाचे थेंब सोडणंही धोक्याचं, ते थेट फुप्फुसात उतरू शकतं.

लस इतकी वर्षं का नव्हती, याची गोष्ट कडू आहे. १९६६च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मॅलिन या रसायनाने निकामी केलेल्या विषाणूची लस बाळांना टोचून पाहिली. लस घेतलेल्यांपैकी ज्यांना पुढे लागण झाली, त्यांतल्या ८० टक्के बाळांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि दोन दगावली. त्यानंतर संशोधक कित्येक वर्षं दबकूनच राहिले. या विषाणूच्या अंगावरचं एफ नावाचं प्रथिन विषाणू पेशीत शिरताना आपला आकार पालटतं. खरी कामाची प्रतिपिंडं पालटण्याआधीच्या आकारावर बसतात. तो आकार २०१३ साली नेमका उलगडला आणि रस्ता मोकळा झाला.

२०२३पासून काही देशांत गर्भवतीला लस देतात, म्हणजे प्रतिपिंडं आईकडून बाळाला मिळतात. पण ती तयार होऊन वारेपलीकडे जायला दोन आठवडे तरी हवेत. तिसाव्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाला त्यांचा उपयोग होण्याचा संभव कमी. अशांसाठी निरसेव्हिमॅब आहे : तयार प्रतिपिंडाचं एकच इंजेक्शन, पाचेक महिने पुरणारं. आपल्या सरकारी लसीकरणात ते नाही, त्यामुळे घरी सोडताना बालरोगतज्ज्ञांना आपणहून विचारावं लागतं.

तोवर नाक वाहणाऱ्यांनी, मग ती सख्खी आत्या का असेना, बारसं लांबूनच बघावं. हात साबणाने धुतल्याशिवाय बाळ उचलू देऊ नये. आईलाच सर्दी झाली तर अंगावरचं दूध मात्र तोडायचं नाही. मास्क लावून, हात धुऊन पाजत राहायचं.