तांबड्या रक्तपेशीतील २,३-बीपीजी : आडवाटेचा इतिहास

मानवी तांबड्या रक्तपेशीत ना केंद्रक असते ना मायटोकॉन्ड्रिया. त्यामुळे ग्लुकोजला फॉस्फेट जोडून त्याचे टप्प्याटप्प्याने विघटन करणे, हाच तिचा ऊर्जेचा एकमेव मार्ग. तरीही या मार्गावर एक आडवाट फुटते आणि तिथे वळलेल्या प्रत्येक रेणूमागे पेशी एटीपीच्या, म्हणजे ऊर्जा साठवून पुरवणाऱ्या रसायनाच्या, एका रेणूवर पाणी सोडते. एवढी तूट पेशी का सोसते, याचे उत्तर मिळायला बेचाळीस वर्षे लागली.

त्या आडवाटेवर तयार होणारे २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट, म्हणजेच बीपीजी, आयसिडोर ग्रीनवाल्ड यांनी १९२५ मध्ये डुकराच्या रक्तातून वेगळे केले. पुढे १९५० मध्ये सॅम्युएल रॅपोपोर्ट आणि जेन ल्यूबरिंग यांनी सशाच्या रक्तपेशींत ते घडवणारे म्यूटेज विकर दाखवून दिले. रॅपोपोर्ट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रक्त साठवण्याच्या द्रावणांवर मोलाचे काम केले होते. साठवलेले रक्त ऑक्सिजन अधिक घट्ट धरून ठेवते, असे व्हाल्टिस आणि केनेडी यांनी १९५४ मध्ये नोंदवले. पण त्याचा बीपीजीशी असलेला संबंध तेव्हा कोणाच्याच ध्यानात आला नाही.

तो १९६७ मध्ये उलगडला. न्यूयॉर्कमध्ये रुथ आणि राइनहोल्ड बेनेश या दांपत्याने आणि व्हर्जिनियात चॅन्युटिन व कर्निश यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की बीपीजीच्या उपस्थितीत हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरील पकड सैल होते, म्हणजेच तो शरीराला सहज सोडला जातो. बीपीजीचा एक रेणू ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या दोन बीटा प्रथिनसाखळ्यांमधील पोकळीत बसतो.

या यंत्रणेचे नियमन मला विशेष देखणे वाटते. मोकळे बीपीजी स्वतःला घडवणाऱ्या म्यूटेजलाच रोखते. ऑक्सिजन कमी पडला की ते हिमोग्लोबिनला चिकटते, विकरावरचा दाब हटतो आणि उत्पादन वाढते. उंच डोंगराळ प्रदेशात श्वास जलद झाल्याने रक्त किंचित अल्कधर्मी होते, त्याचीही या विकराला मदतच होते. उलट आम्लता वाढली की निर्मिती मंदावते आणि बीपीजीचे विघटन वाढते. शिवाय हे विघटनही बऱ्याच अंशी तेच विकर घडवून आणते.

रक्तपेढीतील पिशवीत हेच घडते. साठवणीत आम्लता वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांत बहुतेक बीपीजी संपते. रुग्णाच्या शरीरात गेल्यावर या पेशी ते पुन्हा तयार करतात, मात्र पातळी पूर्ववत व्हायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून एकाच वेळी भरपूर रक्त द्यावे लागते तेव्हा साठवणीचा काळ हा डॉक्टरांच्या विचाराचा विषय ठरतो.