पीएम किसानचा हप्ता नेमका कुठं अडतो?

१ फेब्रुवारी २०१९ ही अर्जाची शेवटची तारीख नाही. विट्याच्या बाजूला आमच्या सेवा केंद्रात आजही कुणीतरी येऊन विचारतं, "मुदत संपली म्हणं?" अर्ज आजही भरता येतो. फक्त त्या तारखेला जमीन तुमच्या नावावर असायला हवी. नंतर खरेदीनं किंवा बक्षीसपत्रानं आलेली जमीन धरत नाहीत. अपवाद एकच, खातेदार वारला आणि वारसानं नाव लागलं तर.

आणि खरी अडचण तिथंच आहे. म्हातारा जाऊन वीस वर्षं झाली, तरी सातबारा त्याच्याच नावावर. कायद्यानं वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, पण भावाभावांत बोलणं नसलं की कोण कळवतंय? वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर होतो. मग हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. ऐकायला सोपं. पण अर्जाला मृत्यू दाखला लागतो, आणि जुन्या काळी मळ्यात वारलेल्या माणसाची नोंद ग्रामपंचायतीत नसतेच. वर्ष उलटल्यावर ती करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून हे काम आधी हाती घ्या, योजनेचा अर्ज मागनं.

दुसरं नावाचं. सातबाऱ्यावर 'आक्काताई', आधारवर 'अनुसया', दोन्ही एकच बाई. लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं दुरुस्ती होते. लग्नाआधीचं नाव असेल तर पुरावा जोडा. नुसतं "गावात सगळे ओळखतात" म्हणून भागत नाही.

बाकी कागद नेहमीचेच: सातबारा, आठ-अ, फेरफार, नवरा-बायकोचं आधार, फार्मर आयडी.

आपल्याकडं पोरगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परराज्यात असतो, आयकर भरतो, म्हणून आई अर्जच करत नाही. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली मुलं. जाणत्या पोराच्या करानं आई बाद होत नाही. नवऱ्यानं कर भरला असेल किंवा त्याला महिन्याला दहा हजार वा त्याहून जास्त पेन्शन असेल, तर मात्र बाद.

ई-केवायसीला, म्हणजे आधारवरनं ओळख पटवताना, ऊसतोडीच्या, भांगलणीच्या बायकांचे ठसे उमटत नाहीत. बोटं ओल्या फडक्यानं पुसून चार-चार वेळा मशीनवर दाबतात, मग "उद्या या" ऐकून परत जातात. उद्याही तीच बोटं असणार! त्यापेक्षा आधारला जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी किंवा अ‍ॅपमधून चेहरा दाखवून केवायसी करा.

'नमो शेतकरी' या राज्याच्या योजनेसाठी वेगळा अर्ज नसतो. पीएम किसानला पात्र असाल तर तेही वर्षाला सहा हजार मिळतात. त्याच्या फॉर्मचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

आणि स्टेटसला सगळं 'येस' दिसूनही पैसे नाहीत असं वाटलं, तर जुनं पासबुक भरत बसू नका. आधार शेवटी ज्या खात्याला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा व्हायला) जोडलं, पैसे तिथंच जातात. मागं एका मावशींचे चार हप्ते असेच सापडले, सिमकार्ड घेताना दुकानदारानं उघडून दिलेल्या खात्यात.