ट्यूब आहे, नदी आहे, वाहतं पाणी कुठंय?

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करून आलेली सोलापूरची पोरं हमखास विचारतात, आपल्याकडे एवढी भीमा असताना ट्यूबवर बसून वाहत जायची सोय का नाही? उत्तर धरणांच्या इतिहासात आहे.

इथले हिंडायचे दिवस खरं तर थंडीचे. हुरडा, वेळा अमावास्येला शेतात भज्जी आणि आंबील, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. उन्हाळ्यात पारा 42-43च्या पुढं गेला की फक्त पाणी सुचतं, आणि ते पाणी नदीचं नसायचं. धरणाआधी उन्हाळ्यातली भीमा म्हणजे वाळू आणि मधेमधे डोह. पंढरपुरात पात्रालाच वाळवंट म्हणतात, ते उगाच नाही. शहराजवळ हिप्परग्याचा एकरुख तलाव 1871 साली पुरा झाला, पण तोही मुख्यतः शेतीच्या पाण्यासाठी.

पोहणं शिकायचं ते विहिरीत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा आणि काकानं वरून ढकलून द्यायचं. नदी ओलांडायला भोपळ्यांची सांगड असे. ट्रक-ट्रॅक्टर वाढले तशी भोपळ्याची जागा ट्यूबनं घेतली. पंक्चरवाल्याकडून ठिगळं मारलेली जुनी ट्यूब आणायची, फुगवायची आणि विहिरीत टाकायची. उन्हात ती काळी रबर अशी तापायची की आधी तिच्यावर पाणी मारल्याशिवाय बसता येत नसे. पितळी व्हॉल्व्ह बरगडीला घासून ओरखडा उठायचा, तो शाळा सुरू होईपर्यंत दिसायचा. पुढं विजेचे पंप आले, बोअर आले, विहिरींनी तळ गाठला आणि मुटके मारणारी पोरं शहरातल्या तरणतलावाकडे वळली.

उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि नदीचं वेळापत्रकच बदललं. 117 टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्याचं, म्हणजे उपयुक्त साठ्यात न मोजलं जाणारं. म्हणून ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य इथं दर उन्हाळ्यात हवापाण्याच्या गप्पांसारखं येतं. खाली भीमेत पाणी येतं ते सोडलं तरच. सोलापूरच्या पिण्यासाठी सोडलेलं पाणी शहराजवळच्या औज बंधाऱ्यापर्यंत यायला कित्येक दिवस लागतात. वाटेत काही जिरतं, काही उडून जातं. उजनीतून थेट शहरात पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीचा विषय शहरात इतकी वर्षं गाजला तो यामुळेच. म्हणजे आज कोरडं दिसणारं पात्र परवा भरून वाहील, आणि आठवड्यानं पुन्हा उघडं पडेल. त्यात वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. अशा नदीत ट्यूब टाकायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

उजनी जलाशयाचं पाणी संथ दिसतं, पण वळवाचं वारं सुटलं की तेही भरवशाचं नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यापेक्षा हत्तरसंग कुडलला जावं. भीमा-सीनेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि शके 940 म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख. काठावर बसून डबा खायला याहून चांगली जागा जिल्ह्यात मला माहीत नाही.

राहिली कुंडलिका. तीही उन्हाळ्यात आपोआप वाहत नाही. भिऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइन फिरवून झालेलं पाणी तिच्यात सुटतं, म्हणून राफ्ट चालतात. भिऱ्याला ते पाणी येतं मुळशी धरणातून. हे तेच धरण, ज्याच्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मुळशीची मुळा नदी पुढं मुठेला मिळून भीमेत येते. तिचं पाणी अडवून, सह्याद्रीच्या पलीकडं वळवून कोकणात उतरवलं जातं. नाहीतर ते पुण्यावरून, दौंडवरून उजनीत आलं असतं. सोलापूरची पोरं रात्रभर प्रवास करून, लाइफ जॅकेट घालून, पैसे मोजून ज्या पाण्यावर तरंगून येतात, ते मूळचं भीमेचंच.