शालेय लघुग्रह शोधमोहीम

मोठ्या दुर्बिणींनी टिपलेली आकाशाची ताजी छायाचित्रे शाळकरी मुलांना देऊन त्यांच्याकडून लघुग्रह हुडकून घेण्याचा उपक्रम. यातली सर्वांत पसरलेली मोहीम अमेरिकेत, टेक्सासच्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठात पॅट्रिक मिलर यांनी २००६ मध्ये सुरू केली. भाग घ्यायला पैसे पडत नाहीत.

मुंबईच्या मुलांना हे काम विशेष सोयीचे. पावसाळ्याचे चार महिने ढग आणि उरलेले आठ महिने दिव्यांचा उजेड. ताऱ्यांनी भरलेले आकाश बघायचे तर कर्जत गाडीने वांगणी गाठून रात्र काढावी लागते. वरळीच्या नेहरू तारांगणात (१९७७) दिसते ते घुमटावरचे. मोहिमेतले आकाश मात्र हवाईचे असते. माउई बेटावर हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यावर १.८ मीटर आरशाच्या पॅन-स्टार्स दुर्बिणी आहेत. तिथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा मुंबईत दुसऱ्या दिवशीच्या दुपारचा दीड झालेला असतो.

आकाशाच्या एकाच तुकड्याची, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली साधारण चार छायाचित्रे एका संचात येतात. हर्बर्ट राब या ऑस्ट्रियन गृहस्थांनी लिहिलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोमेट्रिका’ या सॉफ्टवेअरमध्ये ती एकामागून एक फिरवली की तारे जागच्या जागी राहतात आणि लघुग्रहाचा ठिपका उड्या मारत पुढे सरकतो. फसवणारे ठिपकेही पुष्कळ. कॅमेऱ्याचा बिघडलेला पिक्सेल असतो, वैश्विक किरणाचा ओरखडा असतो. म्हणून खातरजमा हेच खरे काम : चारही ठिपके एका रेषेत आहेत का, वेग सारखा आहे का, तेज मध्येच भलतेच बदलते का, शेजारच्या ताऱ्यासारखा तो गोल दिसतो का. मग वेळ, स्थान आणि तेजस्विता यांचा अहवाल. त्याची प्रत्येक ओळ ८० अक्षरजागांची. वहीत समास आखण्याची सवय इथे कामी येते.

‘शाळकरी मुलीने लघुग्रह शोधला’ ही बातमी बहुधा घाईची असते. मुलांनी पाठवलेली असते ती प्राथमिक नोंद. इतर निरीक्षणांनी ती पक्की झाली तर मायनर प्लॅनेट सेंटर, म्हणजे जगभरच्या लघुग्रहांची नोंद ठेवणारी संस्था, तात्पुरते नामाभिधान देते. ठिपका आधीच माहीत असलेल्या लघुग्रहाचा निघाला तरी मोजमाप वाया जात नाही, त्याची कक्षा आणखी नेमकी होते. पण त्याची बातमी कोण छापणार?

मुलांच्या नजरेला खरोखरच नवे काही सापडल्याचे ठळक उदाहरण मंगळाचे आहे. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सातवीच्या वर्गाला, मार्स ओडिसी यानाच्या छायाचित्रांत लाव्हाच्या नळ्या (लाव्हा वाहून गेल्यावर उरलेले पोकळ बोगदे) न्याहाळताना, पॅव्होनिस मॉन्स ज्वालामुखीच्या उतारावर गुहेचे छत कोसळून पडलेले भोक दिसले.

लघुग्रहाला कायमचा क्रमांक मिळतो तो कक्षा पक्की झाल्यावर, आणि नाव सुचवण्याचा हक्क त्याच्याही नंतर. याला अनेक वर्षे लागतात. आठवीत पाठवलेल्या ठिपक्याला क्रमांक लागेपर्यंत ते मूल बहुधा कॉलेजात असते.