काडतुसाचा हिशेब : शस्त्र परवान्यामागची पार्श्वभूमी

पुण्याच्या गुन्हेवृत्तात एक ओळ जवळजवळ छापील असते : ‘एक गावठी पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे जप्त’. यातले पिस्तूल मध्य प्रदेशातल्या उमरटीसारख्या गावात भट्टीवर घडते. काडतूस मात्र तिथे घडत नाही. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी कॅप, मोजून भरलेली दारू आणि पुढे बसवलेली गोळी हे सगळे मिलिमीटरच्या अंशात जमावे लागते, नाहीतर ते चेंबरमध्ये अडकते किंवा फुसके निघते. म्हणून बेकायदा पिस्तुलातही काडतूस बहुधा कारखान्याचेच असते. म्हणजे कुठल्या तरी कायदेशीर साठ्यातून ते निसटलेले असते. बंदूक तीन पिढ्या टिकते, काडतूस एकदाच उडते. नियंत्रण ठेवायचेच असेल तर ते काडतुसावर ठेवणे सोपे, हे सरकारांना फार पूर्वी उमगले. पण कोणाच्या हातातले काडतूस मोजायचे, हे प्रत्येक देशाने आपापल्या भीतीप्रमाणे ठरवले.

आपल्याकडची भीती १८५७ ची. त्यानंतर १८६० चा निःशस्त्रीकरणाचा कायदा आला आणि व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदाही झाला, हा योगायोग नव्हे. शस्त्र कायद्यात युरोपियनांना सूट होती, परवाना लागायचा तो नेटिवाला. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले आणि १८९७ मध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. कायद्याने बंदूक अडली नाही. दरम्यान १८६९ पासून खडकीचा दारूगोळा कारखाना सैन्यासाठी काडतुसे बनवत होता. काडतुसाच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे म्हणजे किरकी फॅक्टरी. ज्या शहरात नेटिवाने परवान्याविना काडतूस बाळगणे गुन्हा, त्याच शहरात नेटिव कामगार पाळीवर ती बनवत होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी आणखी एक युक्ती केली, आणि ती आजही चालू आहे. सैन्याच्या मापाची शस्त्रे नागरिकांना बंद. १९०७ मध्ये .४५० बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचे आतले माप) रायफली हिंदुस्थान आणि सुदानमध्ये आणायला मनाई झाली. कारण बंडखोरांच्या हाती याच मापाच्या, सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या आणि त्यांना गोळ्या मिळू द्यायच्या नव्हत्या. .३०३ चेही तेच. हेतू सरळ होता : छावणीतून काडतूस चोरीला गेले तरी ते खासगी बंदुकीत बसता कामा नये. इशापूरची .३१५ बोअरची रायफल भारतात इतकी पसरली ती याचमुळे. ती अचूक वगैरे म्हणून नव्हे, सैन्याच्या मापाची नाही म्हणून. आजच्या परवान्यातले ‘प्रोहिबिटेड बोअर’ आणि ‘नॉन-प्रोहिबिटेड बोअर’ हे वर्गीकरण याच विचारातून आलेले आहे. ९ मिमी पिस्तूल पहिल्या वर्गात, .३२ दुसऱ्यात. गावठी पिस्तुले बहुतेकदा ७.६५ मिमीची, म्हणजे परवान्यावर मिळणाऱ्या .३२ चीच असतात, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे.

काँग्रेसने या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती सुचवली, आंबेडकरांनी विरोध केला आणि ती पडली. फाळणीची आग ताजी होती. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला. वंशभेद तोवर केव्हाच गेला होता, परवान्याची चौकट तशीच राहिली.

सध्याची पद्धत अशी : अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. परवान्यावर काडतुसांचे दोन आकडे लिहिलेले असतात : एका वेळी जवळ किती ठेवता येतील आणि वर्षात किती विकत घेता येतील. परवानाधारक दुकानदार परवान्याचा युनिक नंबर तपासतो, परवान्यावर तारीख व संख्या चढवतो, रजिस्टरवर सही घेतो. गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. एक, लोक दोन आकड्यांची सरमिसळ करतात : वार्षिक कोटा शिल्लक आहे म्हणून घेतात आणि एका वेळची मर्यादा ओलांडून बसतात. दोन, विमानतळ. शिकारीच्या किंवा रेंजच्या जुन्या बॅगेच्या खिशात राहिलेले एखादे काडतूस लोहगावच्या स्कॅनरवर दिसते आणि गुन्हा नोंदला जातो. ‘जाणीवपूर्वक ताबा’ नव्हता हा बचाव कोर्टात टिकू शकतो, पण तो कोर्टातच मांडावा लागतो. तेव्हा बॅग घरीच उलटी करून झटकावी. बालेवाडीच्या रेंजवर सराव करणाऱ्या खेळाडूंना वेगळी, मोठी मर्यादा आहे.

एवढा बारीक हिशेब नागरिकाचा. सरकारी साठ्याचे काय? २०१० मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरमध्ये सीआरपीएफ आणि पोलिसांच्या शस्त्रागारांतून काडतुसे नक्षलवाद्यांपर्यंत गेल्याचे उघड झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये २४ जणांना शिक्षा झाली. अशा चोरीची वाट साधी असते : सरावात झाडल्या त्यापेक्षा जास्त गोळ्या कागदावर झाडायच्या, तेवढ्या पुंगळ्या इकडून-तिकडून आणून जमा करायच्या, उरलेली जिवंत काडतुसे विकायची. पुंगळ्या मोजून हिशेब जुळतो, पण त्या कुठल्या लॉटच्या, म्हणजे कारखान्याच्या कुठल्या खेपेच्या, हे कोणी पाहिलेच नाही तर मोजणीला अर्थ नाही. ब्राझीलमध्ये सुरक्षादलांच्या काडतुसांवर लॉट क्रमांक सक्तीचा आहे. २०१८ मध्ये रिओत नगरसेविका मारिएल फ्रँको यांची हत्या झाली तेव्हा पुंगळ्यांवरच्या क्रमांकावरून तो लॉट संघीय पोलिसांना विकलेला असल्याचे समजले. पण एका क्रमांकाखाली लाखो काडतुसे काढलेली होती, त्यामुळे माग तिथेच संपला.

पुण्याला दहशतवादाचा फटका बसला तो काडतुसातून नव्हे. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत १७ जण गेले, २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले, २०१४ मध्ये फरासखान्याच्या आवारात. सगळे बॉम्ब. त्यामुळे नियमही तिकडचे बदलले : जुलै २०११ मध्ये, मुंबईच्या तिहेरी स्फोटांनंतर, ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेले मिश्रण स्फोटक ठरवले गेले आणि २०१२ मध्ये त्याची स्वतंत्र नियमावली आली.

बाहेर पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. इस्रायलमध्ये खासगी परवानाधारकाला ५० गोळ्यांची मर्यादा होती. ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर ती १०० केली. धोका वाढला म्हणून गोळ्या वाढवल्या! न्यूझीलंडने २०१९ च्या ख्राइस्टचर्च हत्याकांडानंतर नेमके उलटे केले, नियम कडक केले. ब्रिटनचा १९२० चा कायदा बोल्शेविक क्रांतीच्या धास्तीतून आला, हँडगनबंदी १९९६ च्या डनब्लेन शाळेतल्या हत्याकांडातून. गंमत म्हणजे सर्वाधिक दहशतवाद भोगलेल्या उत्तर आयर्लंडला ती बंदी लागू नाही; तिथे जिवाला धोका असलेल्याला स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मिळू शकते. स्वित्झर्लंडमध्ये राखीव सैनिकाच्या घरी ५० काडतुसांचा सीलबंद डबा असे, तो २००७ पासून परत घेतला. पण रायफली शस्त्रागारात जमा कराव्यात हा प्रस्ताव २०११ च्या सार्वमतात लोकांनी फेटाळला. जपानमध्ये काडतूस खरेदीला वेगळी परवानगी लागते, बंदूक एका कपाटात आणि काडतुसे दुसऱ्यात ठेवावी लागतात. तरी २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबेंवर घरी बनवलेली बंदूक चालली.

अमेरिकेची चाल सगळ्यांत वेगळी. १९६८ च्या कायद्याने काडतूस विक्रीची नोंद सुरू झाली आणि १९८६ मध्ये ती बहुतांशी काढून टाकली. सॅन बर्नार्डिनो आणि ओरलँडोच्या हल्ल्यांनंतर, दहशतवादी असल्याच्या संशयितांच्या यादीतल्या माणसाला तरी बंदूक विकू नये, असे प्रस्ताव सिनेटमध्ये आले आणि पडले. तिथे भीती अतिरेक्याइतकीच सरकारची आहे.

ही ओढाताण संयुक्त राष्ट्रांतही उतरली. २००१ च्या लहान शस्त्रांच्या कृती आराखड्यात दारूगोळ्याला जवळपास जागाच मिळाली नाही. २०१३ च्या शस्त्रव्यापार करारात तो आला, पण भारत मतदानात तटस्थ राहिला व त्याने सहीही केलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आमसभेने दारूगोळ्याच्या उत्पादनापासून विल्हेवाटीपर्यंतच्या व्यवस्थापनाची जागतिक चौकट स्वीकारली. ती बंधनकारक नाही. तिचा रोख मात्र परवानाधारकापेक्षा सरकारी कोठारांकडे अधिक आहे.