खेळाआधीची गुहा

रस्ता संपतो तिथे विटांची छोटी इमारत. भोवती रान. इमारतीतून निघालेला ओढा खाली घळीत उतरतो. फक्त मजकुरावर चालणाऱ्या 'ॲडव्हेंचर' या संगणक-खेळाची सुरुवात अशी होते. चित्र नाही, आवाज नाही. एकदोन शब्दांची आज्ञा टाइप करायची आणि पुढे काय दिसतं ते वाचायचं. या खेळाच्या आठवणी निघाल्या की लोकांना त्यातला चकवा आणि जादूचा शब्द आठवतो. मला आधी आठवते ती त्यामागची खरी गुहा.

ती अमेरिकेत केंटकी राज्यात आहे. मॅमथ केव्ह या जगातल्या सर्वांत लांब गुहेचा तो बेडक्विल्ट नावाचा भाग. खेळाचे मूळ लेखक विल क्राउदर आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया गुहांच्या मोजणीला जात. चिखलाने माखलेल्या वह्यांतली मापं घरी दिवाणखान्यातल्या टेलीटाइपवर, म्हणजे दूरच्या संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रावर, भरायची आणि विल यांच्या ऑफिसातल्या संगणकाकडून नकाशे करून घ्यायचे, असा त्यांचा संसार. फ्लिंट रिज आणि मॅमथ या गुहा आतून जोडलेल्या आहेत, हे १९७२ मध्ये ज्या तुकडीने शोधलं, तिच्यात पॅट्रिशिया होत्या.

पुढे दोघं विभक्त झाले. विल तेव्हा अर्पानेट हे इंटरनेटच्या आधीचं संगणकांचं जाळं उभारणाऱ्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत होते. मुलींची फार आठवण येई. १९७५-७६ च्या सुमारास त्यांनी पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर, फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, त्या गुहेवर बेतलेला हा खेळ लिहिला, तो मुलींना खेळता यावा म्हणून. संगणकाची कुणाला धास्ती वाटू नये, यासाठीच आज्ञा साध्या बोलीतल्या ठेवल्या. पुढच्या सगळ्या मजकुरी खेळांनी उचललेली ही रीत एका बापाच्या मायेतून आली, हे मला फार मोलाचं वाटतं.

स्टॅनफर्डचे विद्यार्थी डॉन वुड्स यांच्या हाती खेळ लागला. लेखकाचा पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी अर्पानेटवरच्या एकूण एक संगणकावर 'क्राउदर' या नावाने पत्र धाडलं. परवानगी मिळाली, आणि १९७७ मध्ये खजिने, कोडी वाढवलेली आवृत्ती सगळीकडे पसरली. त्याच वर्षी एमआयटीत 'झॉर्क' या तशाच मजकुरी खेळाचं काम सुरू झालं. १९७८ मध्ये स्कॉट ॲडम्स यांनी 'ॲडव्हेंचरलँड' हा त्याच धर्तीचा खेळ टीआरएस-८० या घरगुती संगणकाच्या अवघ्या १६ किलोबाइट मेमरीत बसवला आणि तो कॅसेटवरून हौशी लोकांच्या घरात शिरला.

क्राउदर यांचा मूळ प्रोग्रॅम हरवला असंच सगळे धरून चालले होते. तो वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतल्या खात्याच्या बॅकअपमध्ये सापडला. अभ्यासक डेनिस जेर्झ यांनी २००७ मध्ये त्यावर लिहिलं. त्याआधी ते स्वतः त्या गुहेत उतरून आले होते.

गुहेची मोजणी करणारे एक आठवण सांगतात. त्यांच्या तुकडीत एकदा हा खेळ तोंडपाठ असलेली एक बाई होती. बेडक्विल्टमध्ये ती पहिल्यांदाच आलेली. काम आटोपल्यावर तुकडीला बाहेर काढण्यासाठी तिलाच पुढे केलं. एकही वळण चुकलं नाही.